हॉल्मफ्लीटचं मुकं दार

१

कापड खाली पडलं आणि महंत ऑस्वाल्डच्या तोंडून "अगं माय!" एवढंच बाहेर आलं.

माय जागेवर नव्हतीच. होती ती गवताची पेंढी. काठीला घट्ट बांधलेली, आणि डोक्याच्या जागी एक मोडका लाकडी वाडगा उपडा घातलेला. हॉल्मफ्लीटची चांदीची मरियामाय, जिच्या पायाशी अर्ध्या लिंकनशायरच्या बायका नवस फेडायला यायच्या, ती गायब.

चोरी केव्हा झाली ते कुणालाच सांगता येईना. कसं येणार? ईस्टरच्या आधीचे उपास लागले की चर्चमधल्या साऱ्या मूर्ती पांढऱ्या कापडात झाकायच्या, ही आमच्याकडची जुनी रीत. कोण कुठे आहे ते कळावं म्हणून कापडावर लाल रंगात त्या त्या संताची खूण छापलेली असते. मायच्या कापडावर लिलीची फुलं, पीटरच्या कापडावर किल्ल्या, पार अंधाऱ्या कोपऱ्यातल्या कुणाच्या तरी कापडावर साखळी. ईस्टरपर्यंत त्या कापडांना कुणी बोट लावत नाही. आत माय आहे की पेंढी आहे, बाहेरून दोन्ही सारखंच.

मग आजच, ईस्टर अजून आला नसताना, मायचं कापड का काढलं? तर आमच्या साहेबांचा हुकूम. सर ॲम्ब्रोस कॉटरेल, राजाचे मंत्री. धर्मखातंही त्यांच्याकडे आणि राज्यकारभारही त्यांच्याकडे. "मठातल्या मौल्यवान वस्तूंची यादी करायची आहे, मायपासून सुरुवात करा," म्हणाले. आसपासच्या जमीनदारांना सकाळीच मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आणि मी, लँबर्ट क्रेक, साहेबांचा वकील, मागे एका खांबाला टेकून गुडघे चोळत उभा. माझं काम काय, तर साहेबांचे कागद लिहायचे, साहेबांचा राग झेलायचा, त्यांच्या खोकल्यासाठी लंडनमधल्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याकडून कापूर आणायचा, आणि उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य म्हणून मुकाट्याने मासे गिळायचे. त्या सकाळीही पोटात मासाच होता.

म्हणून असेल, पण माझं लक्ष मूर्तीकडे नव्हतं. मी बघत होतो त्या म्हाताऱ्याकडे.

ब्रदर आल्डहेल्म. मठाच्या पूजेच्या सामानाचा राखणदार. मायच्या कोनाड्यापुढे लोखंडी जाळीचं दार आहे, ते त्यानेच स्वतःच्या किल्लीने उघडलं होतं. दार उघडलं तसा तो थबकला. कापड पडलं, सगळे ओरडले, पण म्हातारा पेंढीकडे बघेचना. तो दाराच्या बिजागरीकडे बघत होता.

"दाराची किल्ली कुणाकडे असते?" साहेबांनी खोकत विचारलं.

"एक माझ्याकडे," आल्डहेल्म म्हणाला, "एक महंतांकडे."

"मग ह्याला बेड्या घाला," साहेब म्हणाले. महंतांकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "राजाची मालमत्ता चोरलीय ह्याने."

"राजाची कशी, साहेब?" म्हातारा अगदी मऊ आवाजात म्हणाला. "आम्ही सही कुठे केलीय अजून?"

जमीनदारांपैकी कुणीतरी खुसकन हसलं. सगळ्या भानगडीचं मूळ तर तेच होतं. राजाला मठांची मालमत्ता हवी होती. लहान मठ त्याने कायद्याने बंद केले. मोठे मठ मात्र साधूंनी राजीखुशीने राजाला द्यायचे, स्वतः सही करून. हॉल्मफ्लीट मोठा मठ होता आणि इथले साधू राजीही नव्हते, खूशही नव्हते. आल्डहेल्म "नाही" म्हणायचा, आणि त्याच्याकडे बघून बाकीचे सगळे "नाही" म्हणायचे.

साहेब हसले नाहीत. "उद्या दुपारपर्यंत मूर्ती मिळाली नाही तर हा फाटकावर लटकेल," म्हणाले. "आणि क्रेक, चौकशी तू कर. उद्या कुणी म्हणायला नको की न्याय झाला नाही. गुन्हेगार कोण ते कळलेलंच आहे. तू फक्त मूर्ती शोध."

२

पेनरिथने मठ उलटापालटा करायला घेतला. क्रिस्पिन पेनरिथ म्हणजे साहेबांचा लाडका. कोवळा, देखणा, जिभेला हाड नाही. संत, नवस, मूर्ती म्हटलं की त्याला हसू आवरायचं नाही. साधूंच्या गाद्या फाडल्या, तळघरातली पिंपं फोडली, महंतांच्या खोलीतल्या फरश्या उचकटल्या, माझी पेटीसुद्धा उपसली. संतांची कापडं तेवढी राहिली, कारण गावकरी दारात जमले होते आणि डोळे वटारून बघत होते.

"क्रेककाका, तुमच्या मोज्यांत नाही ना लपवली?" पेनरिथ मला म्हणाला.

"बघ हुंगून," मी म्हटलं.

आल्डहेल्मला फाटकाशेजारच्या पहारेकऱ्याच्या खोलीत डांबलं होतं. भिंतीला टेकून बसला होता. बेडी पायाला मोठी होत होती.

"बाबा, मी क्रेक. खरं सांगितलंत तर तुमच्याच फायद्याचं आहे."

"बस की. गुडघे दुखतात ना तुझे? सकाळी बघत होतो मी."

मला रागच आला. उद्या ह्याच्या गळ्यात दोर पडायचा आणि हा माझे गुडघे बघतोय!

"मूर्ती कुणी घेतली?"

त्याने पायातली बेडी नीट सरकवली.

"तुम्ही घेतलीत?"

"नाही."

"कुणी घेतली ते माहीत आहे?"

ह्यावर तो गप्प राहिला. त्या म्हाताऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं. मला अशा माणसांची भीती वाटते. खोटारड्याशी बोलणं सोपं असतं, त्याचा आपल्याला सराव असतो.

"बिजागरीकडे का बघत होता?"

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. "पाहिलंस होय तू? अरे, ते दार रडतं. उघडलं की असं किंचाळतं की गोठ्यातली जनावरं दचकतात. आधीच्या महंतांपासून सगळे मला म्हणत आले, आल्डहेल्म, तेल घाल. मी नाही घातलं. मी शेजारच्याच खोलीत झोपतो. ते दार म्हणजे माझं कुत्रं आहे. कुणी हात लावला की मला उठवतं."

"आणि आज?"

"आज ते रडलं नाही." त्याने पुन्हा भिंतीला डोकं टेकलं. "ह्याच्या पुढे मला विचारू नकोस, बाळा. तुझंही बरं होणार नाही आणि मठातल्या माझ्या भावांचंही."

बाहेर अंगणात सुतार येऊन फाटकावरची तुळई ठोकून बघत होता, भार सोसेल का म्हणून. मी तिकडे न बघता चर्चमध्ये गेलो.

जाळीचं दार हलवलं. मुकं. बिजागरीच्या सांध्यात बोट घातलं. बोटाला तेल लागलं नाही. पांढरट, घट्ट असं काहीतरी लागलं.

चरबी होती ती. उपासाच्या दिवसांत. आणि तीही मठात!

आता हे तुम्हाला नीट कळलं पाहिजे. उपास लागायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घराघरातली चरबी आणि लोणी संपवून टाकतात. त्यानंतर ईस्टरपर्यंत मठाच्या स्वयंपाकघरात चरबीचा डागसुद्धा सापडायचा नाही. दिव्याला तेल, माशाला तेल, बिजागरीला लागलं तर तेल. आल्डहेल्मला दार गप्प करायचं असतं तर दिव्याचं तेल हाताशी होतं. आणि मुळात स्वतःच्याच दाराला त्याने गप्प कशाला करायचं? त्या आवाजाने उठणारा तो स्वतःच होता की.

म्हणजे चोर बाहेरचा. उपासात चरबी बाळगणारा. असा माणूस कोण, ह्याचा विचार करतोय तोवर मागून आवाज आला, "बोट चाटू नका हं, पाप लागेल."

३

थर्केल्डबाई. शेजारच्या जहागिरीच्या विधवा मालकीणबाई. ही मूर्ती त्यांच्याच आजेसासूने दिलेली. बाई काठी टेकत येतात, पण जीभ कशालाही न टेकता चालते.

"बाई, तुम्हाला मांसाहाराची परवानगी आहे म्हणे?" मी सरळच विचारलं.

"आहे. बिशपच्या सहीने. माझं पोट नाजूक आहे."

"घरात चरबी असेल."

"डुकराची आहे. का, धिरडी करायचीत?" मग त्यांचे डोळे बारीक झाले. "हां. म्हणजे मी चोर का? अहो, मला मूर्ती हवी असती तर कोर्टात मागितली असती. मठ बुडाला की देणगी घराण्याकडे परत येते, असं माझा वकील म्हणतो. माझी वस्तू मीच कशाला चोरू?"

"मग ही चरबी कुठली?"

त्यांनी माझं मनगट धरलं, बोट नाकाशी नेलं. भुवया वर गेल्या.

"डुकराची नाहीच ही. बदकाची आहे. आणि हिच्यात कापूर आहे."

मी बोट मागे ओढलं.

"कापूर हो! माझे यजमान गेले तेव्हा वैद्याने चिमूटभर दिला होता, त्याचे पैसे अजून आठवतात. इथे ह्या दलदलीत कापूर कुणाकडे असणार?" बाई स्वतःशीच बोलत होत्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि बोलायच्या थांबल्या. माझा चेहराच तसा झाला असणार. साहेबांच्या छातीला रोज सकाळी काय चोळतात ते बाईंना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. बदकाची चरबी आणि कापूर. कापूर मीच आणलेला. चोळायचं काम पेनरिथचं.

पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, क्रेक, बोट पूस, सांग की म्हातारा चोर आहे, आणि घरी जा. कुणाला कळणार होतं? मग अंगणातून सुताराची ठकठक आली आणि मला स्वतःचीच किळस वाटली.

मी खिशातला रुमाल काढला. बिजागरी नीट पुसली. पांढरा ठसा उमटला, वास नाकात चढत होता. रुमालाची घडी करून मी बाईंच्या हातात दिली.

"तुमचा पुतण्या राजाच्या खासगी दालनात चाकरीला आहे ना?"

"आहे. का?"

"हे घरी नेऊन कुलपात ठेवा. उद्या ब्रदर आल्डहेल्म जिवंत दिसले तर जाळून टाका. नाही दिसले तर पुतण्याकडे पाठवा, आणि त्याला सांगा, हा वास कुणाच्या अंगाला येतो ते दरबारात हुंगून बघ."

बाईंनी रुमाल छातीशी खोचला. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा त्या काही न बोलता गेल्या.

४

आता प्रश्न उरला किल्लीचा.

आल्डहेल्मची किल्ली आमच्या माणसांनी काढून घेतली होती. ती मी हातात घेतली. कोरडी, गंजलेली, बोटांना तांबडी माती लागावी तशी लागत होती. मग महंतांकडे गेलो. ऑस्वाल्ड जेवत होते. जेवत कसले, ताटातल्या माशाला नुसतं टोचत होते.

"महंत, तुमची जाळीच्या दाराची किल्ली बघू."

"ती... ती कमरेलाच असते माझ्या. कधीच कुणाला देत नाही."

"बघू तर."

किल्ली हातात आली आणि निसटली. खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटायला लागली. मी ती त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि शेजारी आल्डहेल्मची किल्ली ठेवली.

"एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या. एक गंजकी, एक तुपात घोळवल्यासारखी. बिजागरीला चरबी चोळलेल्या हातानेच चोराने किल्ली फिरवली. तुमच्या किल्लीच्या मुठीला ती लागून आलीय. उपासात तुमच्या कमरेला बदकाची चरबी कशी हो चिकटली?"

महंतांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी चोरी नाही केली."

"मग किल्ली कुणी नेली होती?"

"पेनरिथने मागितली. यादीसाठी म्हणाला. आणि..." महंत कुजबुजायला लागले. "आणि म्हणाला, मठ बंद झाल्यावर मला कुठल्याशा मोठ्या चर्चची गादी मिळेल. फक्त विचारायचं नाही. मी विचारलं नाही, क्रेक. खरंच नाही विचारलं."

"आज सकाळी आल्डहेल्मला बेड्या घातल्या तेव्हा तरी विचारायचं होतंत!"

ते रडायला लागले. माझ्याच्याने ते बघवेना आणि कीवही येईना. चोर सापडला होता. पेनरिथ. पण मला बरं वाटत नव्हतं, कारण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. पेनरिथला मूर्ती पळवायचीच होती, तर ईस्टरपर्यंत कुणाला पत्ताही लागणार नव्हता. कापडाखाली पेंढी निवांत उभी राहिली असती आणि हा चांदी घेऊन लंडनला पोचला असता.

कापड आजच काढा, असा हुकूम पेनरिथने दिलेला नव्हता.

५

साहेब पाहुण्यांच्या दालनात शेकोटीजवळ बसले होते. पाय एका मोठ्या प्रवासी पेटीवर टाकलेले. खोलीभर तो वास होता. इतकी वर्षं तो माझ्या नाकात गेला, पण त्या संध्याकाळी मी दाराजवळच उभा राहिलो.

"सापडली?"

"चोर सापडला, साहेब. आल्डहेल्म नाही."

"बोल."

मी सगळं सांगितलं. दार का रडायचं आणि आज का रडलं नाही. उपासात मठात चरबी नसते. बाईंकडची चरबी डुकराची. बिजागरीतली बदकाची, कापूर घातलेली. गंजकी किल्ली आणि बुळबुळीत किल्ली. महंतांनी पेनरिथला किल्ली दिली ते.

साहेब हलले नाहीत. "म्हणजे पेनरिथ. पोरगा हुशार होता. ठीक आहे, उद्या त्याला लटकवू."

इतक्या सहज! कुणी जोडे बदलायला सांगावे तसं. त्याच क्षणी माझी भीती थोडी कमी झाली, का ते सांगता येत नाही. बहुधा पेनरिथच्या जागी मी स्वतःला बघितलं, आणि गप्प राहूनही आपण वाचणार नाही हे कळलं.

"पेनरिथचं एकट्याचं काम नाही हे, साहेब. त्याने चांदीसाठी चोरी केली असती तर कापड ईस्टरपर्यंत राहू दिलं असतं. कुणाला तरी ही चोरी आजच, जमीनदारांच्या डोळ्यांदेखत उघडी पडायला हवी होती. किल्ल्या दोन, पण बेड्या एकालाच पडल्या. जो सही करू देत नाही त्याला."

"आणि मूर्ती?"

"सगळा मठ उपसला. महंतांच्या फरश्या उचकटल्या, माझे मोजे झटकले. एक खोली तेवढी कुणी बघितली नाही."

साहेबांनी पेटीवरचे पाय काढले नाहीत. पण टाचा हळूच जवळ आल्या.

"क्रेक," ते म्हणाले, "तू शुद्धीवर आहेस ना?"

"नाही साहेब. शुद्धीवर असतो तर इथे आलोच नसतो."

बराच खोकला आला त्यांना. खोकून झाल्यावर म्हणाले, "तू ह्या खोलीतून बाहेर पडला नाहीस तर काय होईल, माहीत आहे?"

"माहीत आहे. थर्केल्डबाई एक रुमाल पुतण्याला पाठवतील. तो राजाच्या खासगी दालनात असतो. तिथे आधीच कुजबुज आहे की मठांची चांदी राजाकडे जायच्या आधी वाटेत कुणाच्या तरी पेटीत थांबते. राजाला रुमालाचा वास ओळखायला वेळ लागणार नाही, साहेब. तुम्ही रोज त्यांच्या शेजारी उभे असता."

शेकोटीतलं लाकूड फुटलं आणि मी दचकलो. साहेब दचकले नाहीत. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू हिशेबात आपण कुठे चुकलो ते शोधतायत.

"तो म्हातारा तुझा कोण लागतो?"

"कुणी नाही."

"मग?"

"मला ते दिसतंय साहेब. उद्या फाटकावर तो लटकलेला, आणि खाली न्याय झाला म्हणून सांगणारा मी. मला ते जमणार नाही. इतकी वर्षं बरंच काही जमवलं तुमच्यासाठी. हे नाही."

साहेबांनी सुस्कारा सोडला. रागावलेला नव्हता तो, कंटाळलेला होता. राज्य चालवणाऱ्या माणसाला एखादा डाव सोडताना फार वाईट वाटत नसतं, त्याला दुसरा सुचलेला असतो.

"मूर्ती सापडली पाहिजे," ते म्हणाले. "कुठे सापडेल?"

"साहेब म्हणतील तिथे. संतांच्या कापडांखाली अजून कुणी पाहिलेलं नाही. कुणा वेंधळ्या साधूने झाकाझाकीत माय दुसरीकडे ठेवली, असं म्हणता येईल."

साहेबांनी पाय काढून पेटी उघडली आणि पेनरिथला हाक मारली. पोरगा आला, पेटी उघडी बघून त्याचं हसू पार मावळलं. मूर्ती घोंगडीत गुंडाळताना त्याने मला हळूच विचारलं, "कोणत्या कापडाखाली ठेवू? मला ह्या बाहुल्यांमधलं काही कळत नाही."

"मलाही कुठे कळतंय," मी म्हटलं. "सगळ्यात अंधारा कोपरा बघ."

६

सकाळी फाटकाशी ही गर्दी. आल्डहेल्मला लटकवणार म्हणून पाच-सहा गावं लोटली होती. बायका रडत होत्या, पुरुष हातातल्या काठ्या घट्ट धरून होते. साहेबांनी सगळ्यांना चर्चमध्ये येऊ दिलं. थर्केल्डबाई पुढेच होत्या. रुमाल कुठे आहे हे मी डोळ्यांनीच विचारलं. त्यांनी छातीवर हात ठेवला.

आल्डहेल्मला बेड्यांसकट आणलं. साहेब म्हणाले, "शेवटचा शोध घेतल्याशिवाय कुणाला शिक्षा होणार नाही. सगळी कापडं काढा."

पीटरचं काढलं. कॅथरीनचं काढलं. पेनरिथ जांभया देत होता. मग कोपऱ्यातलं, साखळीची खूण असलेलं कापड खाली आलं.

लाकडी संताच्या पायाशी चांदीची माय उभी होती.

साहेब बोलायला पुढे झाले, "हे पाहा, कुणा वेंधळ्या साधूने..."

"लिओनार्डकडे गेली!" थर्केल्डबाईंचा आवाज छताला जाऊन भिडला. "अगं बायांनो, माय संत लिओनार्डकडे गेली! बंदिवानांच्या संताकडे!"

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. ज्यांची पोरं तुरुंगात आहेत त्या सगळ्या आया त्याच कोपऱ्यात मेणबत्त्या लावतात, हे लिंकनशायरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बेड्या तोडणारा संत तो. आल्डहेल्मच्या पायात बेड्या पडल्या आणि माय स्वतःची जागा सोडून बेड्या तोडणाऱ्या संताकडे त्याच्यासाठी रदबदली करायला गेली! लोकांना आणखी काय हवं? कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी हंबरडा फोडला. "चमत्कार! चमत्कार!" एका दांडगट लोहाराने कुणाला न विचारता आल्डहेल्मची बेडी फोडली, आणि आमच्या शिपायांनी त्याला वाट करून दिली.

पेनरिथ तोंड वासून उभा होता. देशभरातले चमत्कार खोटे ठरवत फिरणारे आमचे साहेब, त्यांच्याच हुकमाने उघडलेल्या कापडाखाली हा एक निघाला. आता त्याला खोटा म्हणायचं तर मूर्ती तिथे कुणी ठेवली ते सांगावं लागणार. साहेब गुडघ्यावर बसले. सगळ्यांबरोबर त्यांनाही बसावं लागलं.

उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते कानात म्हणाले, "तुला माहीत होतं, तिथे कोण आहे ते."

"मी तुमचाच नोकर, साहेब. मला संतांमधलं काय कळणार?"

त्यांनी माझा खांदा इतका जोरात दाबला की तो आठवडाभर दुखला. पण सहीचा कागद त्यांनी गुंडाळून ठेवला. त्या गर्दीपुढे हॉल्मफ्लीट मागायची हिंमत त्या वर्षी तरी कुणाची नव्हती.

निघायच्या आधी मी आल्डहेल्मला भेटायला गेलो. माय परत जाळीआड उभी होती, कापडासकट, कारण ईस्टर अजून यायचा होता. म्हातारा जमिनीवर बसून राखेने बिजागरी घासत होता. एकेक सांधा, अगदी मन लावून.

"पुन्हा रडवणार का हिला?"

"मुकं कुत्रं काय कामाचं?" त्याने राख फुंकली. मग पेल्याएवढं एक मातीचं भांडं माझ्या हातात दिलं. बिजागरीतून खरवडून काढलेली पांढरी चरबी होती त्यात.

"हे तुझ्या साहेबांना परत दे. खोकला वाढलाय त्यांचा. म्हणावं, हे छातीला चोळायचं असतं, दाराला नाही."

मी त्या भांड्याकडे बघतच राहिलो. "बाबा, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"अरे, मी पूजेच्या सामानाचा राखणदार. धूप, मेण, कापूर, सगळ्यांचे वास घेत म्हातारा झालो. दार उघडताच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत? फास गळ्याला लागत होता तुमच्या!"

"बोललो असतो तर राजाच्या मंत्र्याला चोर म्हणालो म्हणून माझ्यासकट सगळ्या भावांना टांगलं असतं. गप्प राहिलो तर मी एकटाच." तो हसला. दात फारसे उरले नव्हते. "म्हटलं, एकटाच जाऊ. पण तू आलास, आणि मला बिजागरीबद्दल विचारलंस. तेवढं एक वाक्य बोलायचा मोह मला आवरला नाही. तुला संकटात घातलं रे मी."

माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. मी ते जाळीचं दार धरलं आणि ढकललं.

दार असं किंचाळलं की बाहेर अंगणात साहेबांचा घोडा बुजला. साहेब घोड्यावरूनच मान वळवून चर्चकडे बघत राहिले. मी ते भांडं अंगरख्याखाली धरलं आणि लंगडत त्यांच्याकडे निघालो.